म्हाळसाबाईंचा गंधार

“त्याचं बिल लावलं नाही दादा, ते आपल्याकडून,” विशाल म्हणाला, आणि वडापावचा उरलेला तुकडा तोंडात टाकून त्याने कागदाचा बोळा टेबलाखालच्या डब्यात फेकला.

कशाचं बिल, हे ऋषिराजला कळलं नाही. बारामतीत भिगवण रस्त्यावरच्या त्या स्टुडिओत, भिंतींना काळा स्पंज लावलेल्या खोलीत, तो एका पायाने लंगडणाऱ्या खुर्चीवर बसला होता आणि अल्बम पेनड्राइव्हवर उतरायची वाट पाहत होता. खालच्या दुकानात कुणीतरी फरशी कापत होतं. पेटीच्या पट्ट्यांत न बसणाऱ्या सुरांच्या आठ कलाकारांच्या आठ रचना, त्यांच्यामागे गेलेली तीन वर्षं; आज संध्याकाळी सगळं इंटरनेटवर चढवायचं, म्हणजे उद्यापासून जगात कुठेही, ज्याला हवं त्याला, ऐकता येईल. ‘ज्याला हवं त्याला’ हे अल्बमचं मार्केटिंग बघणाऱ्या सुप्रियाचे शब्द. ते ऐकले की ऋषिराजला एक मोकळं मैदान दिसे आणि मैदानात एकच खुर्ची.

“कशाचं बिल?”

“म्हाळसाबाईंच्या सुराचं. ती एक जागा सारखी खाली पडत होती बघा. सगळ्या गाण्यात तीच. पिच करेक्शन मारलं, एकेक धरून वर घेतली.” विशालने हाताने वर घेऊन दाखवली, लहान मूल कठड्यावर बसवावं तशी. “बाकीच्यांना हात लावला नाही. ती तुमची बाहेरची माणसं, त्यांचं मुद्दाम असतंय म्हणता तुम्ही. पण ही आपली बाई. आपल्या बाईला लोकांनी हसायला नको.”

“कधी केलंस?”

“मागच्या आठवड्यात. पाठवलं की तुम्हाला. तुम्हीच मेसेज टाकला, अप्रतिम, आता हात लावू नकोस. अंगठेपण टाकले.”

खाली फरशी कापायचं थांबलं.

आवाज थांबला की त्याची जागा मोकळी राहते, तशी ती राहिली, आणि त्या जागेत ऋषिराज बसून राहिला. आठवडाभर त्याने ती फाइल ऐकली होती. गाडीत, आंघोळीच्या वेळी, कालव्याच्या कडेने चालताना. दर वेळी ती ओळ यायची, पल्याड मेंढरं, आल्याड पाणी, आणि ‘पाणी’वर म्हाळसाबाईंचा आवाज जिथे थांबतो ती जागा जवळ येताना त्याचा श्वास आपोआप धरला जायचा. आवाज बरोब्बर तिथे, कोमल गंधाराच्या वर आणि शुद्ध गंधाराच्या खाली, पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधे जिथे काहीच नसतं तिथे, येऊन उभा राहायचा आणि त्याच्या हातावर काटा यायचा. काटा खरा होता. हात त्याचाच होता. आवाज मात्र तिथे नव्हता. विशालने त्याला दंडाला धरून वरच्या पट्टीवर नेऊन बसवलं होतं, आणि ऋषिराज रिकाम्या जागेसमोर डोळे मिटून उभा होता, आठवडाभर, रोज. ओरडायला हवं होतं. टेबलावर हात आपटायला हवा होता. तीन वर्षांत तो कितीतरी क्षुल्लक गोष्टींवर ओरडला होता. कव्हरवरच्या अक्षरांवर ओरडला होता. पण ओरडायचं तर चूक आधी आपल्या लक्षात आलेली असावी लागते.

“चुकलं का काय?” विशाल.

“नाही.”

“मग तोंड असं का केलंय?”

“मूळ फाइल आहे?”

“ती कशाला ठेवू मी? आहे तीच जागा पुरंना. तुमच्याकडं असंल की घरी. पण ऐका दादा, आता बाई कशी वाटती, एकदम रेडिओची.”

रेडिओची. गाडीत बसल्यावर त्याने दार दोनदा आपटलं, कारण पहिल्यांदा ते नीट लागलं होतं. घर भवानीनगरला, हार्ड डिस्क घरी, संध्याकाळ अजून लांब. आधी कुणावर चिडायचं? विशालवर चिडून उपयोग नव्हता. विशाल लग्नाची गाणी करतो, बैलगाडा शर्यतीची करतो, निवडणुकीला दोन्ही पॅनेलची करतो आणि दोन्हीकडे एकच चाल लावतो. त्याच्याकडे येणारा प्रत्येक माणूस मला सुरात आण म्हणूनच येतो. दाढी करायला बसलेल्या माणसाच्या नाकातला केस न्हाव्याने कापला, तर तो काय गुन्हा झाला? चिडायचं होतं तर इतर सगळ्यांवर. पुण्याच्या त्या प्राध्यापकावर, ज्याने अल्बमची कल्पना ऐकून ‘म्हणजे आपल्या बावीस श्रुती’ म्हटलं आणि पुढचा अर्धा तास त्या मोजून दाखवल्या. सोनमवर, त्याच्या बायकोवर, जिने पहिल्याच दिवशी एका शब्दात विचारलं होतं, “बेसूर?” आणि नंतर तीन वर्षं काहीच विचारलं नव्हतं. सोलापूरच्या त्या गिटारवाल्यावर, ज्याने गिटारचे सगळे पडदे उखडून हव्या त्या ठिकाणी बसवले आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी ते परत हलवले. आणि सुप्रियावर. सुप्रिया चुलत्याची मुलगी. बारामतीतल्या साडीच्या दुकानांच्या नि क्लासेसच्या जाहिराती मोबाइलवर चालवते, घरचीच म्हणून अल्बमचं मार्केटिंग तिच्याकडे. अल्बमचं नाव त्याने ठेवलं ‘मधल्या जागा’. सुप्रियाने काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत जाहिरात सोडली: मधल्या जागा. लवकरच. बारामती. खाली त्याचा मोबाइल नंबर. दोन दिवस त्याला फोन येत होते. रस्ता किती फुटी आहे? एनए झालंय का? एका गृहस्थाने तर, अजून जागा शिल्लक आहेत का, असं इतक्या काकुळतीने विचारलं की ऋषिराज हो म्हणून गेला.

तिचाच फोन आला. त्याने गाडीतल्या स्पीकरवर घेतला.

“दादा! कुठं आहेस? रील चालली!”

“कुठली रील?”

“म्हाळसाबाईंची. त्यांच्या मुलाला, रामला गाणं पाठवलं होतं, त्यानं हॉटेलात लावलं, एक जोडपं जेवायला आलेलं, त्यांनी काढलं. बाई टेबलाशी उभी, मागं तिचंच गाणं. काय कमेंट पडतायत! आता तेच पुढं करायचं. बाकीचे सात राहू देत मागं.”

“बाकीचे सात राहू देत मागं,” तो म्हणाला. नुसताच म्हणाला.

“रागावू नकोस ना. तूच म्हणायचास, लोकांना ह्यातून काय मिळणार ते सांगू नको. मी मागं लिहिलं होतं, झोपेसाठी उत्तम, तर ते काढायला लावलंस. गोठ्यात लावा, गाई शांत राहतात, तेही काढलंस. मग मी लिहू काय? आता लोकच लिहितायत. एकानं लिहिलंय, आजी किती सुरात गातात.”

“सुरात.”

“हो. का?”

त्याने फोन बंद केला. पुढे उसाचा ट्रॅक्टर होता, मागे दोन ट्रॉल्या, रस्ता भरून, आणि ड्रायव्हरने टपावर लावलेल्या कर्ण्यातून गाणं गळत होतं. गाणाऱ्याचा आवाज सोऱ्यातून काढलेल्या शेवयांसारखा, सरळ, एकसारखा, कुठेही गाठ नाही. विशालचंच असणार. किंवा विशालसारख्या दुसऱ्या कुणाचं, सांगली, कोपरगाव, कुठलंही. ओव्हरटेक करायला जागा नव्हती. तो त्या गाण्यामागून गाडी हाकत राहिला, आणि मनातल्या मनात ठरवत राहिला की ह्या गाण्यात ती दुरुस्ती आपल्याला ऐकू येते. येते म्हणजे येतेच. मग म्हाळसाबाईंच्या गाण्यात का आली नाही? कारण ह्या गाण्यावर त्याचं प्रेम नव्हतं. प्रेम असलं की कान ऐकायचं सोडून आठवायला लागतो. हे वाक्य त्याला बरं वाटलं आणि लगेच त्याची शिसारी आली. अल्बमच्या पाठीमागे छापण्यासारखं वाक्य होतं.

आठवायचं तर सगळं स्वच्छ आठवत होतं. तीन वर्षांपूर्वी भिगवणला, रामच्या हॉटेलात. हॉटेल म्हणजे धरणाच्या पाण्याकडे पाठ करून बांधलेली पत्र्याची शेड, चिलापी आणि मरळ मासे, हायवेवरून पाटी दिसते. तो हात धुवायला मागे गेला, तर तिथे रामची आई खवले काढत बसलेली, आणि तोंडातल्या तोंडात गात होती. पूर्वी मेंढरं राखणाऱ्यांच्यातली बाई; मेंढरं विकून आता तिला जमाना झाला, पण गाण्यात अजून होती. पल्याड मेंढरं, आल्याड पाणी. ‘पाणी’वर आवाज उतरला आणि दोन पायऱ्यांच्या मधे, जिथे पायरीच नाही, तिथे शांतपणे उभा राहिला. ऋषिराजचा नळ चालूच. लहानपणी भवानीनगरला कारखान्याचा भोंगा व्हायचा, तेव्हा तो त्याच्याबरोबर गायचा; भोंगा खालून वर जाताना कुठल्याच सुरावर थांबत नाही, सगळ्यांच्या अंगावरून जातो, आणि त्याला वाटायचं की मधे कुठेतरी त्याने थांबावं. पेटी शिकवणारे मास्तर दोन पट्ट्यांच्या फटीत बोट घातलं की हातावर मारायचे. पुढे पुण्यात, मोठमोठ्या खोल्यांतून, कागदावर आकडे मांडून लोक ज्या सुराबद्दल बोलायचे, तो सूर इथे माशाच्या परातीशेजारी बसला होता. त्याच दिवशी त्याने ठरवलं. बाकीचे सात कलाकार नंतर आले. खरं तर ते ह्या एका जागेला सोबत म्हणून आले.

घरी विजयसिंह, थोरला भाऊ, अंगणात ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाशी फोनवर भांडत होता. ऋषिराज त्याच्या बाजूने आत गेला, कपाटातून हार्ड डिस्क काढली, हेडफोन लावले. मूळ फाइल. त्याने डोळे मिटले. पाणी. होता! तिथेच होता, खाली, थोडासा काळपट, बाजूला मान कललेला. मग विशालची फाइल. पाणी. वर, गुळगुळीत, सरळ. फरक डोंगराएवढा. त्याने पुन्हा मूळ लावली, पुन्हा विशालची, आणि त्याला हसू आलं, सुटल्यासारखं. कान शाबूत होता. गाडीचे स्पीकर भिकार, बाथरूममध्ये पाण्याचा आवाज, एवढंच झालं होतं.

दारात विजयसिंह. “काय रे, हसतोयस का रडतोयस?”

“ऐकतोय.”

“ऐक. लोकं शेतात मरत्यात, तू ऐक. जेवून जा.”

“आल्यावर.”

दोन्ही फाइली मोबाइलवर घेऊन तो आडरस्त्याने भिगवणला निघाला. आता राग नीट, कामाचा होता. विशालला सांगायचं, मूळ चढव. सुप्रियाला सांगायचं, रील काढून टाक. आणि त्याआधी म्हाळसाबाईंना भेटून माफी मागायची, की तुमच्या आवाजाला आमच्या माणसाने हात लावला, मला क्षमा करा. हे वाक्य त्याने रस्ताभर घोळवलं. त्यातला ‘क्षमा’ काढून ‘माफी’ घातला. पुन्हा ‘क्षमा’ घातला.

हॉटेलात गर्दी होती. फ्लेमिंगो बघून परतलेले पुण्याचे लोक गळ्यात दुर्बिणी घालून मासे खात होते, फ्रिजवर ठेवलेल्या स्पीकरमधून म्हाळसाबाई गात होत्या, आणि म्हाळसाबाई स्वतः मागे परातीशी नव्हत्या. गल्ल्याशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. नवं लुगडं, डोक्यावर पदर, हात मांडीवर. देवीला बसवतात तसं कुणीतरी बसवल्यासारख्या.

“या या, बाबा या!” त्या उठल्या. “रामा, ह्यास्नी खुर्ची दे. बघा, सकाळधरनं चालूच हाय. लोकं इचारत्यात, ही कोण बाई. राम सांगतो, ही काय हितं बसलीया.”

राम हसत होता. चाळिशीचा, टक्कल पडू लागलेला, हातात फडकं. “दादा, आईनं आज मासळीला हात लावला न्हाय. म्हणती, कलाकार हाय मी.”

“गप ए. न्हाय वो, नवं लुगडं हाय म्हणून.”

“मावशी,” ऋषिराज म्हणाला, “जरा बोलायचं होतं.”

“बोला की. आधी माझं ऐका.” त्यांनी त्याचा हात धरला, हाताला मुरलेला माशाचा वास होताच. “तुमी लई मोठं काम केलं माझं. तुमाला ठावं न्हाय. आमच्यात सप्ता असतोय बघा, भजनाला बाया बसत्यात. मी बसायची. चांगला आवाज हाय म्हणून म्होरं बसवली मला. मग बुवा म्हणले, म्हाळसाबाई, तुमी नुसता टाळ वाजवा. मी म्हणलं का वो? तर म्हणले, तुमच्या आवाजाला भेग हाय. सगळ्या बायांम्होरं म्हणले. बाया हसल्या. तवापासनं मी लोकांत गायले न्हाय. मागं मासळीपाशी गायचं, तिला काय कळतंय. तुमी आला, मशीन लावलं, मला वाटलं येडा हाय माणूस, गाऊ द्या. आन आता बघा. तुमी ती भेग बुजवली माझी.”

फ्रिजवर ‘पाणी’ आलं आणि गेलं.

ऋषिराजने रस्ताभर घोळवलेलं वाक्य तोंडापर्यंत आलं आणि तिथे ते वाक्य राहिलं नाही, नुसता ओला कागद झाला. तीन वर्षं तो ह्या भेगेची पूजा करत होता. लोकांना बोलवून दाखवत होता, बघा, अशी भेग कुठे मिळणार नाही. आणि ह्या बाईला ती भेग म्हणजे सगळ्या बायांसमोर हातात दिलेला टाळ. त्याने एकदाही विचारलं नव्हतं. तुम्हाला तुमचा आवाज कसा वाटतो, मावशी? इतकं साधं. सोलापूरच्या गिटारवाल्याला त्याने पानंच्या पानं मेल लिहून विचारलं होतं.

“मावशी, ते मी नाही केलं,” तो म्हणाला. “आमच्या स्टुडिओतल्या माणसाने केलं, मला न विचारता. तुमचा खरा आवाज वेगळा आहे.”

“मग ह्यो कुणाचा?”

“तुमचाच. पण सरळ केलेला.”

“मग बरं केलं की!”

“नाही, मावशी, म्हणजे… तो जो तुमचा मूळ सूर आहे ना, तो फार दुर्मीळ आहे. त्याच्यासाठीच तर सगळा अल्बम. मला तो घालायचाय. पण तुमची परवानगी पाहिजे.”

म्हाळसाबाईंनी त्याचा हात सोडला. पदर नीट केला. “म्हंजी ते भेगंचं घालणार. लोकांत.”

“त्याला भेग म्हणू नका.”

“मग काय म्हणू?”

प्राध्यापकाचा शब्द होता, विशालचा होता, सुप्रियाचे दोन-तीन होते. त्याचा नव्हता.

“मला हसतील ते नको बाबा,” त्या हळू म्हणाल्या. “तुमी मोठी माणसं, तुमचं तुमाला. मला हितं ऱ्हायाचंय. ह्याच बायांत.” मग, “लावा बघू दोन्ही. मला बी कळू द्या, किती हाय ते.”

रामने स्पीकर बंद केला. जेवणाऱ्यांपैकी कुणीतरी, अहो लावा की, म्हणालं. ऋषिराजने मोबाइलवर एक लावलं, मग दुसरं. म्हाळसाबाई मान खाली घालून ऐकत होत्या, राम फडकं खांद्यावर टाकून.

“मला तर दोन्ही एकच वाटत्यात,” राम म्हणाला.

“एक कसं? नीट ऐक. पाणीवर.”

“पाणीवरच ऐकतोय की. आई, तुला?”

“मला माझा आवाज काय कळतोय? दोन्ही मीच हाय.” आणि ऋषिराजकडे वळून, अगदी विश्वासाने, “तुमी सांगा. तुमी म्हणाल ती चुकीची, ती काढून टाकू. ती न्हाय घालायची, बस.”

“आणा हिकडं,” म्हणत रामने त्याच्या हातातून मोबाइल घेतला, पाठीमागे धरला, काहीतरी दाबलं. डोळ्यांत चेष्टा. “सांगा दादा. आता वाजतीय ती कंची?”

ऋषिराजने ऐकलं. पाणी आलं. त्याने कान तिथे नेला, त्या फटीत, आणि फट होती, आणि मग वाटलं नाही, वर आहे, आणि मग वाटलं मघाशी होती तीच वर होती.

“इथे आवाज फार आहे,” तो म्हणाला. “गाडीत बसू.”

तिघे गाडीत बसले. तो पुढे, राम बाजूला, म्हाळसाबाई मागे, लुगडं सावरत. काचा वर. हायवेचा आवाज गेला, दुर्बीणवाल्यांचा गेला, राहिली फक्त रामच्या शर्टातली तळणीची नि माशाची कोंडलेली वाफ. त्याने हेडफोन लावले. रामने मोबाइल मांडीखाली धरला.

“ही मूळ,” ऋषिराज म्हणाला.

राम बघून म्हणाला, “न्हाय. ही विशालची.”

“परत लाव.”

परत. तो ऐकत होता. त्याला एकदम कळलं की घरी हेडफोन लावून जो डोंगराएवढा फरक ऐकू आला, तो पडद्यावरचं नाव वाचून ऐकू आला होता. नाव वाचलं, मग ऐकलं. पण हे कळूनही आत्ता काहीतरी कळायलाच हवं होतं. तीन वर्षं. प्राध्यापकाला जिन्यावरून उतरता उतरता त्याने सुनावलं होतं, तुम्ही मोजता, मी ऐकतो. तो आवाज ‘पाणी’कडे उतरत होता, आणि त्याच्या डोक्यात एकाच वेळी दोन्ही गंधार वाजत होते, आणि तिसरा तीन वर्षांपूर्वीचा, नळाच्या आवाजातला, सगळ्यांच्या वर. त्यातला बाहेरून येणारा कुठला, ते सांगायला आत कुणी नव्हतं.

“ही… विशालची.”

“ही मूळ, दादा.” रामच्या डोळ्यांतली चेष्टा गेली होती. त्याला आता हे नकोसं झालं होतं. “ऱ्हाऊ द्या, मोबाइलचा आवाजच भिकार असतोय.”

“परत.”

“दादा, ऱ्हाऊ द्या की.”

“परत लाव म्हणतो ना!”

गाडीत ते ओरडणं फार मोठं झालं. रामने लावलं नाही. ऋषिराजने हेडफोन काढले, ते मानेत अडकले, त्याने ते ओढून काढले आणि मांडीवर ठेवले. मागे वळून पाहणं भाग होतं, तो वळला.

“मला कळत नाही, मावशी,” तो म्हणाला. “मला दोन्हींतला फरक कळत नाही.”

तीन वर्षांत त्याच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यात साधं वाक्य असावं. ते बाहेर पडल्यावर तो वाट पाहत राहिला, काहीतरी कोसळायची. म्हाळसाबाई त्याच्याकडे बघत होत्या. आधी न समजल्यासारख्या. मग त्यांचा चेहरा हळूहळू सुटत गेला, एकेका सुरकुतीतून, आणि त्या हसल्या. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून.

“अगं बया! तुमाला बी कळंना?”

“नाही.”

“तुमी एवढं शिकल्यालं. मशीन घिऊन फिरतासा.”

“हो.”

“मग त्या बुवाला काय कळलं असंल, मुडद्याला!” त्यांनी पुढच्या सीटच्या पाठीवर थाप मारली. “आन त्या बायांला! टाळ वाजवत बसले मी, रामा, तू येवढासा व्हतास तवापासनं! घाला वो, बाबा. कंची बी घाला. आन नाव घाला माझं. मोठ्ठं घाला.”

राम हसायला लागला, मग ऋषिराजच्या तोंडाकडे बघून थांबला. ऋषिराज हसत नव्हता. एका वाक्याने तिचं ओझं उतरलं होतं, आणि त्याच वाक्याने त्याच्याकडचं सगळं नेलं होतं. ह्या दोन गोष्टींची वजनं सारखी होती की नव्हती, हे बघायचंही त्याच्यात त्राण नव्हतं. मोबाइल वाजला. विशाल.

“दादा, सुप्रियाताईंचा फोन होता. म्हणाल्या, चढवायचं ना? का काही बदल?”

“म्हाळसाबाईंचं बदल. मूळ पाठवतो, ते घाल. न बसवलेलं.”

“अहो का? रील चालली ती बसवलेली.”

“माहितीय.”

“दादा, खरं सांगू? लोकांना फरक कळणार नाही.”

“नाही कळणार.”

“मग कशाला उगाच?”

कारण नव्हतं. त्याने शोधून पाहिलं, पटण्यासारखं एकही नव्हतं. दोन्ही फाइली समोर होत्या, दोन्हींत ती बाई होती, आणि त्यातली एक जशी गायली तशी होती, एवढंच.

“घाल, विशाल,” तो म्हणाला. “आणि नाव मोठं कर.”

“फक्त तिचंच मोठं? बाकीचे बोंबलतील.”

“बोंबलू देत.”

त्याने मूळ फाइल पाठवली. पडद्यावर ती बारीक रेघ भरत जाताना तो बघत होता, आणि मागून म्हाळसाबाई काचेवर बोट वाजवत होत्या.

“ही काच खाली कशी करत्यात वो? जीव गुदमारला माझा.”

त्याने आपल्याकडचं बटण दाबलं. चारही काचा एकदम खाली गेल्या आणि हायवे आत आला, ट्रक, कुणाचा तरी हॉर्न, कढईत सोडलेला मासा, पाण्यावरचे पक्षी. सगळं एकावर एक, कुठलं कुठे संपतं ते न कळणारं.